अल्सेशियन म्हणा की जर्मन शेफर्ड, कुत्रा मेंढरांचाच



उभ्या कानांचा थोराड कुत्रा दिसला की एक जण म्हणतो, "हा अल्सेशियन." दुसरा म्हणतो, "छे, जर्मन शेफर्ड." खरं म्हणजे दोघांचंही बरोबर. जात एकच, नावं दोन. आणि हा कुत्रा मूळचा बंगल्याचा नव्हे, मेंढरांच्या कळपाचा.

जर्मनीत पूर्वी बिनकुंपणाच्या शेतांमधल्या पट्ट्यांत मेंढरं चरत. दोन्ही बाजूंना उभं पीक. कुत्रा कडेच्या तासातून सारख्या येरझारा घाली आणि एकही मेंढरू पिकात शिरू देत नसे. चालतं-फिरतं कुंपणच म्हणा ना!

मुलूख बदलला की कुत्राही बदले. थुरिंगियातला उभ्या कानांचा, लांडग्यासारखा करडा. वुर्टेम्बर्गकडचा अंगानं मोठा. केसही कुणाचे आखूड, कुणाचे लांब, कुणाचे राठ. माक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळात नोकरी केलेल्या गृहस्थानं १८९९ साली कार्ल्सरूहेच्या प्रदर्शनात एक कुत्रा विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि जातीचा संघ काढला. वंशाच्या वहीत पहिली नोंद होरांडचीच.

पुढे पहिलं महायुद्ध झालं आणि जर्मन नाव लोकांना नकोसं झालं. अमेरिकेत १९१७ साली नावातला 'जर्मन' शब्द गाळला, तो १९३१ मध्ये परत आला. इंग्लंडात अल्सास प्रांतावरून 'अल्सेशियन' नाव दिलं. मूळ नाव पुन्हा मान्य व्हायला १९७७ साल उजाडलं. इंग्रजांच्या अमलामुळे आपल्याकडेही अल्सेशियनच रुळलं. नाव बदललं, कुत्रा तोच राहिला.

आजही यात प्रकार आहेत. प्रदर्शनासाठी वाढवलेल्यांची पाठ मागे उतरती असते, कामासाठी वाढवलेल्यांची बरीच सरळ. मधली बरीच वर्षं बाद ठरलेले लांब केस २०१० च्या नियमावलीत पुन्हा मान्य झाले.

तेव्हा पिलू घेताना नावाला भुलू नका. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष वंशानं येतो. म्हणून आईबापांची चाल डोळ्यांनी बघा. मागचे पाय लटपटत असतील, तर कागद कितीही चांगले असोत, पिलू घेऊ नका. आणि घेतलंत, तर दिवसभर साखळीला बांधू नका. दिवसभर तास धरून धावणाऱ्याचा हा वंश. काम नसलं की चिडका होतो. त्याला रोज फिरवा, काम शिकवा. नाव मग काहीही ठेवा!