नागपूरने उघडलेले दार

'सामाजिक उद्योजक' हा शब्द आमच्या बीड जिल्ह्यात तसा नवाच. उद्योजक म्हटले की आमच्याकडे डोळ्यांसमोर जिनिंगचा मालक येतो, नाहीतर मोंढ्यातला आडत्या. त्याच्या आधी 'सामाजिक' लावले की माणूस जरा बिचकतो. हा नक्की देणारा की घेणारा? पण शब्द नवा असला तरी माणसे जुनीच आहेत. विशी-पंचविशीत गावाकडे परतून शाळा काढणारी, दवाखाना थाटणारी, वसतिगृह उभे करणारी पोरे आमच्या पिढीनेही पाहिली. त्यांना बाहेरचे लोक 'कार्यकर्ता' म्हणायचे आणि घरचे लोक 'वाया गेला' म्हणायचे.

अशा पोरांच्या पाठीशी विद्यापीठे कधी उभी राहिली का, हा प्रश्न गेले काही महिने माझ्या डोक्यात आहे. सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे खोड जात नाही. प्रश्न पडला की आधी सनावळी आठवते. तर मागे मागे जात ही गाडी थेट १९३८ सालावर येऊन थांबली.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. राज्यात विद्यापीठ एकच, हैदराबादचे उस्मानिया. १९१८ साली निघालेले, उर्दू माध्यमाचे. (विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळे एका देशी भाषेतून शिकवायचे हा प्रयोग मोठाच होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ती भाषा आमची नव्हती, एवढेच.) नोव्हेंबर १९३८ मध्ये वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. बंदी आली. मुले ऐकेनात. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही तोच प्रकार. शेवटी शेकडो मुलांची नावे पटावरून गेली. पुन्हा असे करणार नाही म्हणून लिहून द्या, मग आत या, असे सांगण्यात आले. पुष्कळांनी लिहून दिले नाही.

आता त्या मुलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. बापाने सावकाराकडून पैसे उचलून पोराला शिकायला पाठवलेले. विद्यापीठ एकच, आणि त्याने दार लावून घेतलेले. गावी जाऊन काय तोंड दाखवायचे?

अशा वेळी नागपूर विद्यापीठाने या मुलांना जागा दिली. कुलगुरू होते टी. जे. केदार. मुले नागपूरला गेली, तिथल्या परीक्षांना बसली, पदवीधर झाली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच आंदोलनातले विद्यार्थी. त्यांचे कायद्याचे शिक्षण नागपूरला झाले. इतरही कित्येक जण परत येऊन हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले.

या घटनेकडे आपण नेहमी स्वातंत्र्यलढ्याचे एक पान म्हणून बघतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नागपूरने या मुलांच्या आंदोलनाला पैसा पुरवला नाही की मार्गदर्शन केले नाही. फक्त त्यांचे वर्ष वाया जाऊ दिले नाही. पोरगा समाजाच्या कामासाठी बाकावरून उठला, तर त्याला परत बसायला कुठेतरी बाक आहे, एवढीच ती मदत. पण तीच नसती तर पुढच्या वर्षी उठायची हिंमत किती जणांनी केली असती?

याच काळात आमच्या अंबाजोगाईत, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेत, योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते स्वामी रामानंद तीर्थ. ते पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचे पदवीधर. असहकाराच्या लाटेत १९२१ साली निघालेले हे विद्यापीठ. त्याच्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती. म्हणजे सरकारी नोकरीचा रस्ता बंदच. या विद्यापीठाने आपली पोरे खेड्यापाड्यांतल्या राष्ट्रीय शाळांसाठीच घडवली म्हणायचे. स्वामीजी आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग १९३५ पासून अंबाजोगाईत, आणि १९३८ साली शाळा सोडून थेट सत्याग्रहात. अशा मुख्याध्यापकाच्या हाताखाली शिकलेल्यांचा आम्हाला हेवा वाटायचा.

पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. डोंगरकेरी पहिले कुलगुरू. मी याच विद्यापीठाचा बी.ए., मराठी माध्यमाचा. त्यामुळे मी त्याच्याविषयी जे काही बरेवाईट लिहीन ते घरचे समजून वाचावे.

माझ्या कॉलेजच्या दिवसांतच राष्ट्रीय सेवा योजना आली. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थी घेऊन ती सुरू झाली. विद्यार्थ्याचे समाजकार्य विद्यापीठाच्या कागदावर आले ते इथे. मग १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सुकडी म्हणजे काय हे सांगून कळणार नाही. १९७३ साली योजनेची खास शिबिरे दुष्काळाशी लढण्याच्या विषयावरच झाली. शहरातली पोरे खडी फोडणाऱ्या बायांच्या शेजारी उभी राहिली. ही काही लहान गोष्ट नव्हती.

पण या योजनेची एक अडचण मला नेहमी जाणवत आली. तिला तासांचा हिशेब आहे. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर. आठव्या दिवशी ट्रक येतो, सतरंज्या गोळा होतात, पोरे गाणी म्हणत परत जातात. एखाद्या मुलाला आठव्या दिवशीही तिथेच राहावेसे वाटले तर त्याचे काय करायचे, हे त्या कागदात लिहिलेले नाही.

असा एक मुलगा माझ्या माहितीत आहे. माझाच शाळेतला विद्यार्थी, नाव लिहीत नाही. १९९० नंतरची गोष्ट. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आगेमागे गाव रिकामे व्हायचे ते थेट उन्हाळ्यात भरायचे, आणि बापाबरोबर पोरेही फडावर. हा बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याने गावातली पंधरा-सोळा पोरे मागे ठेवून घेतली. देवळाच्या ओवरीत मुक्काम, घरटी धान्य गोळा, एक म्हातारी भाकरी करायला. सरकारने हंगामी वसतिगृहे पुढे काढली, ती कल्पना या पोराने देवळात राबवली होती. पोरे शाळेत टिकली. हा मात्र कॉलेजात दिसेनासा झाला. हजेरी भरली नाही म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. मी स्वतः त्याच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, काम चांगलेच आहे हो, पण हे बसवायचे कोणत्या नियमात?"

त्यांचेही खरेच होते. नियम नव्हता.

पुढल्या वर्षी त्याचे लग्न झाले, कॉलेज सुटले ते सुटलेच. आता तो टेम्पो चालवतो. ओवरीतल्या पोरांपैकी दोघे शिक्षक आहेत, एक पोलिसात आहे. रस्त्यात भेटला की तो पाया पडतो, मी नेहमीसारखा "काय, बरंय ना?" म्हणतो.

असो. सगळ्यांचेच असे झाले असेही नाही. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात 'हॅलो' नावाची चळवळ काढली. खेड्यांत जाऊन आरोग्य शिकायचे आणि शिकवायचे. तिच्यातले डॉ. शशिकांत अहंकारी पुढे तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला गेले आणि तिथे हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे राहिले. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचे काम त्यांच्या हाती देणारी ही संस्था. तिची मुळे अभ्यासक्रमात नाहीत, विद्यार्थ्यांच्या रिकाम्या वेळात आहेत.

आमच्या अंबाजोगाईला तर उलटीच गंगा वाहिली. डॉ. द्वारकादास लोहिया आणि प्रा. शैला लोहिया हे समाजवादी विचारांचे जोडपे. १९८२ साली 'मराठवाडा नवनिर्माण लोकायत', म्हणजे आपली 'मानवलोक', सुरू झाली. पाणी, शेती, दुष्काळ, पुढे 'मनस्विनी'तून बायकांचे काम. शैलाताई प्राध्यापकी करता करता हे सगळे करत. आणि मग याच संस्थेने समाजकार्याचे महाविद्यालय काढले, विद्यापीठाला जोडलेले. म्हणजे विद्यापीठाने कार्यकर्त्याला हात देण्याऐवजी कार्यकर्त्यांनीच विद्यापीठाला एक महाविद्यालय दिले!

अर्थात विद्यापीठाच्या कुंपणाला लागून मोठे काम उभे राहिल्याचे उदाहरण जगात आहे. बांगलादेशात चितगाव विद्यापीठात मुहम्मद युनूस अर्थशास्त्र शिकवत होते. शेजारीच जोब्रा गाव. तिथे सावकाराच्या कचाट्यात कोण कोण आहे याची यादी त्यांनी आपल्या विद्यार्थिनीकडून करून घेतली. ४२ माणसे निघाली, आणि सगळ्यांची मिळून गरज २७ डॉलर. ही १९७६ ची गोष्ट. ते पैसे सरांनी खिशातून दिले, पण यादी करायला हिंडणारी पोरे विद्यापीठाची होती आणि तेच त्यांचे शिक्षण मानले गेले. १९८३ साली त्यातून ग्रामीण बँक झाली, २००६ साली नोबेल मिळाले. जोब्रासारखी गावे आमच्या प्रत्येक कॉलेजच्या शेजारी आहेत.

बीड जिल्ह्यात २००० नंतर जी कामे तरुणांनी उभी केली, शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचे 'शांतिवन', गेवराईचे संतोष गर्जे यांचे 'बालग्राम', त्यांच्या कथा ऐका. पत्र्याचे शेड, उधारीचा किराणा, एखादा दाता, बाबा आमट्यांच्या घराण्याची प्रेरणा. सगळे भेटतात, विद्यापीठ काही भेटत नाही.

आता मात्र चित्र बदलते आहे, निदान कागदावर. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रमासाठी वेगळे मंडळ आणले. नीती आयोगाच्या योजनेतून एकेका अटल इन्क्युबेशन सेंटरला पाच वर्षांत १० कोटींपर्यंत मदत मिळू शकते, आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही असे केंद्र झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने तर २००७ पासून सामाजिक उद्योजकतेची एम.ए. पदवीच सुरू केली. चांगले आहे. पण या केंद्रांचे अर्ज मी पाहिले आहेत. बिझनेस मॉडेल, स्केल, पिच... देवळाच्या ओवरीत पोरे सांभाळणाऱ्याने यात काय भरायचे? पैसे मिळण्याआधी पैसे कसे मिळवणार ते सांगायचे.

माझ्या दृष्टीने या सगळ्यांपेक्षा मोलाचा कागद दुसराच आहे. केंद्र सरकारने २०१९ साली विद्यार्थी आणि अध्यापकांसाठी नवोपक्रम व स्टार्टअप धोरण काढले. त्यात साधी दोन वाक्ये आहेत. उपक्रम चालवणाऱ्या विद्यार्थ्याला एक सत्र, एक वर्ष किंवा जास्तही सुट्टी घेऊन पुन्हा शिक्षणात परत येता यावे. आणि हजेरी कमी भरली तरी संस्थेच्या परवानगीने परीक्षेला बसता यावे. मी ते दोनदा वाचले. नागपूरने १९३८ साली जे मनाने केले, ते नियमात यायला ऐंशी वर्षे लागली. त्या साहेबांचा "कोणत्या नियमात?" हा प्रश्नही तेव्हा सुटला असता.

आमच्या नात्यातली एक मुलगी बी.एस्सी. च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला यंदा फडावर ऊसतोड मजुरांच्या तान्ह्या पोरांसाठी फिरते पाळणाघर चालवायचे आहे. तिला मी हे धोरण दाखवले. तिने त्यातला तो भाग छापून कॉलेजला अर्ज केला. कॉलेजात कोणाला असे काही धोरण आहे हेच ठाऊक नव्हते. पण अर्ज परत केला नाही, पुढच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. परवानगी हा शब्द त्या वाक्यात आहेच ना! उचल वाटून झाली आहे, दिवाळीनंतर टोळ्या निघतील. बैठकीची तारीख अजून ठरलेली नाही.