पंचांग, दिवाळी अंक आणि मंडळाचा अहवाल

गणपत कृष्णाजींना छपाईतलं काही येत नव्हतं. मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्याचं काम त्यांनी पाहिलं होतं, एवढंच त्यांचं भांडवल. तेवढ्यावर भंडारी समाजातल्या या माणसाने स्वतःच्या हाताने लाकडी यंत्र तयार केलं, छपाईच्या शिळा मिळवल्या आणि १८३१ साली मराठी पंचांग छापून विकायला काढलं. शाई कशी करतात हेही कुणी शिकवलेलं नव्हतं. निरनिराळी द्रव्यं घेऊन, बिघडवून, पुन्हा करून त्यांनी ती साधली. छापलेल्या कागदाला हात लावायला तेव्हाचे सोवळे लोक तयार नसत, कारण शाईत चरबी असते अशी शंका होती. गणपत कृष्णाजींनी चरबीच्या जागी तूप घातलं, असं सांगतात. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये त्यांची आठवण आदराने नोंदवून ठेवली आहे.

मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी सुरुवात पंचांगाने केली. पोथीला गिऱ्हाईक शोधावं लागतं. पंचांगाला गिऱ्हाईक दर पाडव्याला असतंच. गेल्या वर्षीचं पंचांग यंदा कामाचं नाही, म्हणून घरात एक असलं तरी दुसरं घ्यावं लागतं. नवख्या माणसाला हीच सोय हवी असते. यंदा अक्षर पुसट आलं तर पुढच्या वर्षी ठळक काढता येतं, आणि पुढचं वर्ष नक्की येतं.

अक्षरजुळणीच्या व्यवसायात मी आयुष्य काढलं, तेही घरात बसून, स्वतंत्रपणे. या धंद्यात अनुभव नसलेल्या माणसाला दार कुठून उघडतं, हा प्रश्न मी जुन्या मुद्रकांच्या चरित्रांतून पुन्हा पुन्हा शोधला. प्रत्येक वेळी उत्तर मोसमी कामाशी येऊन थांबलं.

जावजी दादाजींचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला शिक्षणाचा भाग सहसा कुणी सांगत नाही. १८३९चा जन्म, घरची गरिबी. दहाव्या वर्षाच्या सुमारास मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागले, पगार महिना दोन रुपये. साच्यातून ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडा खरबरीत असतात, त्या घासून गुळगुळीत करायच्या. कडेला जरा जास्त घासलं की खिळा ओळीत हलतो, कमी घासलं की शेजारच्याला ढकलतो. कारकुनाला अक्षराचं रूप ठाऊक असतं. घासणाऱ्या पोराला त्याची जाडी बोटांनी कळते. त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी टाइपांवर मोठं काम केलं होतं आणि जावजींचे हात तिथेच तयार झाले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू हे अक्षरं कोरणारे कसबी त्यांच्या जोडीला होते. संस्कृतच्या अभ्यासकांना निर्णयसागर ठाऊक आहे ते काव्यमालेमुळे, पण मराठी घराघरांत ते नाव गेलं पंचांगाच्या पाठीवर बसून.

पंचांगानंतर दुसरं दार उघडलं दिवाळी अंकाचं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ सुरू केलं तेव्हा ते पंचविशीच्या आतले होते. १९०९ साली त्यांनी दिवाळीचा खास अंक काढला आणि मराठी छापखान्यांचं वर्षच बदलून गेलं. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत कंपोझिटरांना श्वास घ्यायला फुरसत नाही, हा पुढे नेम झाला. ज्या छापखान्यात एरवी नवशिक्याला उंबरा ओलांडू देत नसत, तिथे त्या दिवसांत ‘केसवर (म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपुढे) उभा राहशील का’ असं विचारलं जाई. निदान जुळवलेले खिळे सोडून पुन्हा आपापल्या खणात टाकायला तरी हात हवेच असत. खिळे सोडता सोडता खण पाठ होतात आणि खण पाठ झाले की जुळणी येते. पुण्याच्या पेठांतल्या कितीतरी कंपोझिटरांचं शिक्षण एवढंच.

मोनोटाइप, लायनो, फोटोटाइपसेटिंग ही मधली सगळी यंत्रं भांडवलवाल्यांची होती. स्वतंत्र माणसाला त्यांत जागा नव्हती, म्हणून त्यांच्यावर मी थांबत नाही. जागा पुन्हा झाली संगणक आल्यावर. १९८५ साली पेजमेकर निघालं, १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आली, आणि नव्वदच्या दशकात नारायण पेठेपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत घराच्या पुढच्या खोलीत डीटीपी सुरू झालं. त्यात बायका फार होत्या. मीही त्यांतलीच.

आमच्यापैकी बहुतेकींना छापखान्याचा अनुभव शून्य होता, तरी आम्ही टिकलो. याला एक ठोस कारण आहे आणि ते मला मोलाचं वाटतं. आमच्या हातात मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा होती. जुन्या यंत्रावर ‘भ’ची कळ अशी नसतेच. आधी अर्धा भ मारायचा, मग काना, तेव्हा भ पुरा होतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, मग अक्षर. म्हणजे बोलताना ‘कि’, पण बोटांना आधी वेलांटी आणि मग क. अक्षराचे तुकडे करून थोड्या सामग्रीत सगळी मराठी बसवायची ही युक्ती मुळात खिळ्यांच्या काळातली. खिळ्यांची संख्या आवाक्यात यावी म्हणून ग्रॅहमांपासून लोकमान्य टिळकांपर्यंत अनेकांनी डोकं झिजवलं. तीच तोडणी टाइपरायटरमध्ये उतरली आणि तिथून संगणकाच्या फॉन्टमध्ये. सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरचा कळफलक निवडण्याची सोय होती. ज्या मुली सरकारी नोकरीच्या आशेने टायपिंग क्लासला गेल्या, त्या स्वतःच्या नकळत शंभर-दीडशे वर्षांची विद्या बोटांत घेऊन बाहेर पडल्या होत्या.

माझं पहिलं काम म्हणजे पेठेतल्या एका गणेश मंडळाचा अहवाल. मोठ्या डीटीपीवाल्यांकडे तेव्हा दिवाळी अंकांची पानं पडलेली असतात, त्यामुळे अहवाल नवख्यांकडे येतो. आत अध्यक्षांचं मनोगत, जमाखर्च, वर्गणीदारांची यादी, आणि बाकी सगळ्या जाहिराती: पिठाची गिरणी, मंडपवाले, दुधाची डेअरी. बाप्पा बसायच्या आत हातात पडला पाहिजे, एवढी एकच अट. लेसर प्रिंटर माझ्याकडे नव्हता, तो घेणं आवाक्याबाहेरचं होतं. फ्लॉपी घेऊन अप्पा बळवंत चौकाकडे जायचं, प्रिंट काढून देणाऱ्याच्या संगणकावर आपलाच फॉन्ट आहे ना ते आधी पाहायचं, कारण प्रत्येक कंपनीची फॉन्टमधली मांडणी वेगळी, आणि दुसऱ्याचा फॉन्ट असला की आख्खं पान निरर्थक खुणांनी भरून जाई. मग ट्रेसिंग पेपरवर पानं काढायची. त्यावरून थेट प्लेट होई.

ट्रेसिंगवर चूक सापडली तर पान पुन्हा काढायला पैसे पडत. तिथे मला एका निवृत्त कंपोझिटर काकांनी हात धरून शिकवलं. ते घरोघरी मुद्रितशोधनाला जात. त्यांनी ब्लेडने चुकीचा शब्द चौकोनात कापून काढला, बरोबर शब्दाचा तुकडा तेवढ्याच मापाचा कापला, ट्रेसिंग काचेवर खालून दिवा लावून ठेवलं आणि आधी शिरोरेघ जुळवली. ‘वहिनी, शिरोरेघ सरळ आली की डोळा बाकीचं माफ करतो,’ असं ते म्हणत. मग पारदर्शक टेपचा बारीक तुकडा, तोही अक्षरावर न येता कडेला. ‘दुसऱ्या’ हा शब्द दिसला की ते थांबत. मराठीचा तो अर्धा र कित्येक फॉन्टमध्ये धड येत नसे आणि लोक सरळ त्याचा रफार करून मोकळे होत. काकांनी तो एकदाही सोडला नाही. उलटे खिळे वाचून तयार झालेल्या त्या डोळ्यांना आमचं सुलट पान म्हणजे काहीच नव्हतं.

अहवालाचे पैसे विसर्जनाच्या आधी मिळाले. मंडळं पैसे बुडवत नाहीत, त्यांना पुढच्या वर्षी त्याच गल्लीतून जायचं असतं. बुडवले एका प्रकाशकाने, ज्याच्या पुस्तकावर मी पावसाळाभर बसले होते. म्हणून मी नव्या मुलामुलींना आजही सांगते: आधी अहवाल घ्या, लग्नपत्रिका घ्या, शाळेच्या नियतकालिकाची पानं घ्या. कादंबरी नंतर. ज्याची तारीख बदलू शकत नाही, त्या कामाचा मालक तुमचं वय आणि अनुभव विचारत बसत नाही आणि पैशालाही सहसा अडवत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. १८६७च्या छापखान्यांच्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव घालणं बंधनकारक केलं. त्यामुळे जावजी दादाजींसारख्या मालकांची नावं कागदावर राहिली. केसपुढे उभं राहून ज्यांनी ते शब्द जुळवले, त्यांचं नाव छापा असं कायदा म्हणत नव्हता आणि कुणी छापलंही नाही. आमच्या पिढीत मात्र पुस्तकाच्या चौथ्या पानावर, अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘अक्षरजुळणी’ असं लिहून पुढे नाव-पत्ता टाकायची रीत पडली. घरी बसून काम करणाऱ्या बायकांचा हा एवढाच लेखी पुरावा आहे. दिवाळी अंक ग्रंथालयं जपतात, पंचांगंही कुठे कुठे जपली जातात. मंडळांचे अहवाल उत्सव संपला की रद्दीत जातात. ज्या मंडळांनी शंभरी ओलांडली आहे, त्यांच्या कपाटांत ते अजून असतील. पेठेतल्या कुणीतरी ते मागून घ्यावेत, शेवटचं पान पाहावं आणि नावांची एक यादी करावी. मी माझ्या गल्लीपासून सुरुवात केली आहे. दोन मंडळांनी कपाटं उघडून दिली. तिसऱ्यांनी गणपतीनंतर या म्हणून सांगितलं आहे.