गश्ती, फलक आणि आपण : उस्मानिया विद्यापीठातल्या मराठी सूचनांची गोष्ट

कॉलेजच्या नोटीस बोर्डाकडे इतिहासाचं साधन म्हणून कुणी बघत नाही. फी भरायची शेवटची तारीख, वक्तृत्व स्पर्धा, होस्टेलची यादी, अमक्या वारी तमक्यांचं व्याख्यान. आठ दिवसांनी तो कागद निघतो आणि टाचण्या तेवढ्या राहतात. पण हैदराबादच्या मराठी माणसाला त्या कागदाकडे जरा थांबून बघायला हवं. विद्यार्थ्यांनी काय जाहीर करायचं, कुठल्या भाषेत करायचं आणि कुणाला विचारून करायचं, या तीन प्रश्नांवर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या कित्येकांचं शिक्षण अडलं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, विशेषतः घरातल्या तरुण मंडळींसाठी. निजामाच्या राज्यात जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे चौथाई मराठी, खाली दक्षिणेला कानडी, आणि उर्दू ही मातृभाषा असणारे साधारण दहापैकी एक. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. इंग्रजी विषय सक्तीचा, बाकी इतिहासापासून रसायनशास्त्रापर्यंत सगळं उर्दूत. त्यासाठी दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतराचं खातं, आधीच उघडलं होतं. परक्या इंग्रजीऐवजी देशी भाषेतून उच्च शिक्षण द्यायचं, हा विचार त्या काळात मोठाच होता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. आपल्याकडे उस्मानियाचं नाव निघालं की पहिल्या वाक्यापासून तक्रार सुरू होते, ते मला पटत नाही. त्याच विद्यापीठाने मराठवाड्यातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर घडवला. फक्त ज्या देशी भाषेतून शिकायचं होतं ती त्या मुलांच्या घरची नव्हती, एवढीच मेख.

मुलं यायची मनमाड-सिकंदराबादच्या छोट्या रुळांच्या गाडीने. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी स्टेशनं घेत ती गाडी काचीगुड्याला यायची. ट्रंक, वळकटी, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. (काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, जांबाग या भागात मराठी वस्ती दाट का, याचं अर्धं उत्तर त्या रेल्वेत आहे.) होस्टेलला तिथे ‘इकामतखाना’ म्हणायचे. सूचना म्हणजे ‘ऐलान’, परीक्षा म्हणजे ‘इम्तिहान’. आपल्या घरांतले जुने लोक चिडले की उर्दूत बोलायचे आणि हिशोबही उर्दूत मांडायचे, ते यातूनच आलं. मराठी हा विषय मात्र विद्यापीठात होता. प्रा. चिं. नी. जोशी आणि पुढे डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी तिथे मराठी शिकवली. ‘मुक्तमयूरांची भारते’ हा मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्यावरचा ग्रंथ लिहिणारे तेच नांदापूरकर.

वर्गात मराठी चालत होती. अडचण यायची ती वर्गाबाहेर चार माणसं जमवायची म्हटल्यावर.

१९२९ मध्ये सरकारने ‘गश्ती निशाण ५३’ काढली. गश्ती म्हणजे परिपत्रक, निशाण म्हणजे क्रमांक. आधी परवानगी घेतल्याशिवाय सार्वजनिक सभा घ्यायची नाही, असा तिचा मतलब. ऐकायला साधा नियम वाटतो. पण कार्यक्रम ठरवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. व्याख्यान ठरवायचं तर वक्ता कोण, विषय काय, कुठून येणार, हे आधी अधिकाऱ्याला कळवायचं. तो ‘हो’ म्हणेपर्यंत बाहेरगावच्या वक्त्याला नक्की तारीख द्यायची कशी? आणि तारीखच नक्की नसेल तर जाहीर काय करायचं? नकार आला तर निदान कळतं तरी. बऱ्याचदा उत्तरच यायचं नाही, आणि ठरलेला दिवस तसाच निघून जायचा. खाजगी शाळा काढायलाही परवानगी, आखाडा काढायलाही परवानगी. वाचनालयाच्या वार्षिक समारंभाकडेसुद्धा संशयाने बघितलं जायचं, आणि खरं सांगायचं तर तो संशय अगदीच निराधार नव्हता! उघड राजकारण बंद झाल्यावर लोक वाचनालयात, गणेशोत्सवात आणि साहित्य परिषदेतच जमणार होते.

तसंच झालं. १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरलं. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. १९३७ मध्ये निजाम राज्यातल्या मराठी लेखक-वाचकांची स्वतःची साहित्य परिषद उभी राहिली. तिच्यातूनच पुढची मराठवाडा साहित्य परिषद झाली. त्याच साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. आणि या सगळ्याच्या आधीपासून जांबागला विवेकवर्धिनी होतीच. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या वकील मंडळींनी त्या पिढीत शाळा आणि सार्वजनिक कामं उचलून धरली. आपल्या संस्थांचे वर्धापनदिन आपण साजरे करतो तेव्हा ‘संस्कृती जपण्यासाठी’ असं एक गुळगुळीत वाक्य भाषणात येतं. माझ्या मते त्यामागचं कारण फार व्यवहाराचं होतं. ज्या जागेची किल्ली आपल्याकडे आहे अशी एक जागा हवी होती. विद्यापीठाच्या फलकावर जे लागणार नव्हतं, ते विवेकवर्धिनीत तोंडोतोंडी कळायचं.

आता १९३८. त्या वर्षी सप्टेंबरात स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली आणि २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह त्याच सुमारास. वातावरण तापलेलं. अशा वेळी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांतली हिंदू मुलं आपल्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणत होती. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की हे प्रार्थनागीत नाही, राजकीय गीत आहे आणि इतरांना त्याने दुखावलं जातं, म्हणून ते म्हणायचं नाही. मुलांचं म्हणणं, आमच्या प्रार्थनेत काय म्हणायचं ते आम्ही ठरवू.

सभा नको, मिरवणूक नको, इथपर्यंत मुलांनी सोसलं होतं. आता बंदी थेट प्रार्थनेच्या खोलीत आली. मुलं गात राहिली. आधी वसतिगृह सुटलं, मग संप झाला, मग विद्यापीठातून नावं कमी झाली. औरंगाबाद, गुलबर्गा, वरंगळ इथली कॉलेजंही त्यात आली. मराठी, तेलुगू आणि कानडी मुलं एकत्र होती, हे मुद्दाम सांगतो. आपण ही गोष्ट कधीकधी फक्त मराठवाड्याची करून टाकतो आणि मग तेलुगू शेजाऱ्याला वाटतं, याचा आपल्याशी काय संबंध!

हे शौर्य आपण दर सतरा सप्टेंबरला सांगतो. मला मात्र त्यानंतरच्या दिवसांचा विचार जास्त सतावतो. वय अठरा-वीस. परीक्षा तोंडावर. घरी वडील शेतकरी, नाहीतर शाळामास्तर, नाहीतर सरकारी नोकर. आणि सरकारी नोकराच्या मुलाचं नाव अशा यादीत येणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. माफी लिहून द्या असं घरचेच म्हणाले असतील, आणि काहींनी दिलीही असेल. त्यांना भित्रं म्हणायचा अधिकार आज पंख्याखाली बसून लिहिणाऱ्या मला नाही. ज्यांनी नाही दिली, त्यांच्यापुढे प्रश्न होता की आता घेणार कोण?

उत्तर नागपूरहून आलं. तिथल्या विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना दार उघडलं. तेव्हा मध्यप्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं, त्यामुळे वातावरण अनुकूल होतं. तरी कुलगुरूने मनात आणलं नसतं तर प्रवेशाच्या कागदावर नियम दाखवून परत पाठवणं अवघड नव्हतं. शेकडो मुलं नागपूरला गेली. पण तिथे दुसरीच पंचाईत. ही पोरं गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकलेली. नागपूरला पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी. जी संज्ञा काल अरबी-फारसी मुळाची होती ती आज लॅटिन झाली. प्रार्थनेच्या गाण्यापायी नव्याने शब्द पाठ करत बसलेल्या त्या मुलांचा पुतळा कुठे उभा राहिला नाही.

त्या चळवळीत शिक्षण मोडलेल्यांपैकी एक होते पी. व्ही. नरसिंह राव, वरंगळच्या बाजूचे तेलुगू विद्यार्थी. पुढचं त्यांचं शिक्षण नागपूर आणि पुण्यात झालं. मराठी त्यांना इतकी चांगली आली की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. भाषांच्या भांडणात आपण नेहमी हरवलेलं मोजतो. एका बंदीमुळे एका तेलुगू मुलाच्या हातात हरिभाऊ आले, हेही त्याच हिशोबात धरावं लागतं.

आणि एक तारीख. आपण उस्मानिया म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती गुलाबी ग्रॅनाइटची आर्ट्स कॉलेजची भव्य इमारत. तिचं उद्घाटन ४ डिसेंबर १९३९ चं, म्हणजे त्या संपानंतर साधारण एक वर्षाने. ती उंच कमान बांधली जात असताना ज्यांनी रोज पाहिली, त्यांच्यातले कितीतरी जण उद्घाटनाच्या दिवशी नागपुरात होते.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि गश्तीचं राज्य संपलं. विद्यापीठाचं माध्यम उर्दू जाऊन इंग्रजी झालं. (मातृभाषेतून शिकायचं स्वप्न उर्दूवाल्यांचंही गेलं आणि मराठीच्या वाट्याला ते आलंच नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.) पुढची आठ-दहा वर्षं हैदराबादच्या मराठी विद्यार्थिजीवनाची भरभराटीची म्हणावी लागतील. नरहर कुरुंदकर याच काळात इथे सिटी कॉलेजात होते. नांदापूरकर त्यांचे मामा. इंटरच्या परीक्षेत ते नापास होत राहिले आणि त्याच काळात त्यांनी जे वाचन केलं ते पास झालेल्यांना जमलं नाही, हे सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. दरम्यान १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं औरंगाबादचं कॉलेज आणि नांदेडचं पीपल्स कॉलेज सुरू झालं. ही दोन्ही कॉलेजं तेव्हा उस्मानियाला जोडलेली. म्हणजे गोदावरीकाठच्या मुलाची परीक्षा कधी हे ठरायचं मुसी नदीच्या काठी.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि काचीगुड्याला उतरणाऱ्या मराठी ट्रंका जवळपास थांबल्या. हे व्हायलाच हवं होतं. औरंगाबादच्या मुलाने दूरच्या राजधानीत का यावं? पण हैदराबादेत राहिलेल्या आपल्यासारख्यांसाठी त्याचा अर्थ वेगळा झाला. विचारायची गरज होती तेव्हा जमायला मुलं होती. पुढे मराठीत कार्यक्रम लावा, व्याख्यान ठेवा, कुणी अडवणार नव्हतं. पण बाकावर बसायला मुलं नव्हती. मराठीच्या कार्यक्रमांचं केंद्र विद्यापीठातून आपोआप आपल्या संस्थांच्या सभागृहांकडे सरकलं, आणि श्रोत्यांचं सरासरी वय काय झालं ते आपण दर कार्यक्रमाला बघतोच.

आता तर सूचना फोनवर येते. आपल्या मुलांच्या कॉलेजचे फेस्ट, मुलाखती, शिबिरं यांचे निरोप इंग्रजीत येतात, मित्रांचे हिंदी-तेलुगूत. २७ फेब्रुवारीचा मराठीचा कार्यक्रम ज्येष्ठांच्या ग्रुपवर फिरतो. मुलांना यायचं नसतं असं नाही, त्यांना तो निरोप पोचतच नाही. ज्यांनी कधी काळी फलकाशिवाय, तोंडोतोंडी सगळ्या शहराला बातमी पोचवली, त्यांच्या नातवंडांपर्यंत एक तारीख पोचवता येत नाही, हे मला जरा विचित्र वाटतं. संस्थांच्या कार्यकारिणीत कॉलेजातली दोन मुलं घ्या आणि कार्यक्रम कळवायचं काम त्यांच्याकडे द्या, असं मी बैठकीतही म्हणत असतो. इथेही म्हणतो.

आणखी एक काम आहे, ते घरबसल्या होईल. ज्यांचे आजोबा-पणजोबा हैदराबाद संस्थानातले, त्यांनी एकदा जुन्या पेटीतले कागद बघा. दोन गोष्टी शोधायच्या. एक, १९३९ च्या आगेमागे नागपूर विद्यापीठाचं प्रमाणपत्र. घर मराठवाड्याचं, इंटरपर्यंतचा दाखला उर्दूत आणि पुढचा नागपूरचा, तर समजून घ्या काय झालं असेल. दुसरं, १९५० ते १९५८ मधली उस्मानियाची पदवी, जिचा मालक हैदराबादला कधी राहिलाच नाही. यांच्याबरोबर एखाद्या व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका, वसतिगृहाची पावती, संमेलनाचा बिल्ला निघाला तर उत्तमच. कागद लॅमिनेट करू नका, उजेडात ठेवून साधा फोटो काढा आणि मागची बाजूही घ्या. जुन्या पत्रिकांच्या पाठीवर बऱ्याचदा कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असतं.