मिरचीवरचा आळ आणि सुपारीचे खाते



आपल्या सप्तव्यसनांच्या यादीत तंबाखू नाही. कशी असेल? यादी जुनी, आणि तंबाखू आली पोर्तुगीजांच्या काळात, समुद्रावरून. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. सुपारी मात्र त्याआधीपासून पूजेत, लग्नात, पानाच्या तबकात होतीच. घरच्या माणसावर कोण संशय घेतो? आळ गेला मिरचीवर. ती हकिगत आज लिहिते, कारण तिची सुरुवात आपल्यासारख्याच बायकांपासून होते.

१९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांचा एक आजार नोंदवला. गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होत जाई, तोंड उघडेनासे होई. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी असेच रुग्ण नोंदवले. आज त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तोंडाच्या कॅन्सरची ती एक आधीची पायरी ठरू शकते.

या रुग्णांची पहिली तक्रार असे, तिखट सोसत नाही. म्हणून दोष तिखटाचा, असे वाटणे साहजिक होते. १९६० मध्ये सिरसाट आणि खानोलकर या संशोधकांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतला तिखट अर्क लावून पाहिला, आणि तसाच काहीसा बदल त्यांना दिसलाही. पण मेक्सिकोत लोक आपल्याइतकीच मिरची खातात, तिथे हा आजार नाही. तिखट झोंबणे हा आजाराचा परिणाम होता, कारण नव्हे. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, रक्कम बरोबर पण नोंद भलत्याच खात्यावर!

मग हळूहळू सुपारीचे खाते उघडले. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, त्यांतल्या पाच जणांना कॅन्सर झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांत बऱ्याच जणी तंबाखूशिवाय नुसती सुपारी चघळत, आणि तोंडाचा कॅन्सर त्यांच्यातही आढळला. तरी १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखू घातलेले पान तेवढे दोषी ठरवले. नुसत्या पान-सुपारीबद्दल पुरावा अपुरा म्हटला. २००४ च्या ग्रंथात मात्र खुद्द सुपारीच कॅन्सरकारक, असा निर्णय छापला गेला. मधल्या वर्षांत ‘तंबाखू नाही ना, मग चालतं’ हे वाक्य किती घरांत बोलले गेले असेल!

सुपारीतले अरेकोलिन आणि तांबे यांमुळे गालातले तंतू वाढतात आणि घट्ट होतात.

आहाराची दुसरी बाजूही आहे. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत तोंड-घशाचे कॅन्सर कमी दिसतात. आपण कंदमुळे खात नाही, तिथीला हिरवी भाजीही नाही. गाजर गेले म्हणून बिघडत नाही. पिवळा रंगद्रव्याचा अंश पपईत, आंब्यात, लाल भोपळ्यात आहे. पण इतर दिवशी ताटात भाजी वाटीभर हवी, चमचाभर नको. गोळ्यांनी ते साधत नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तर १९९४ मध्ये निघालेला निष्कर्ष उलटाच होता: फुफ्फुसाचा कॅन्सर वाढला.

आपल्या चार आहारांत सुपारी ‘स्वादिम’मध्ये येते. म्हणजे चौविहार घेतला की सूर्यास्तानंतर तीही बंद. पण दिवसभर डबी उघडी असेल तर? मंडळात जेवणानंतर फिरणाऱ्या तबकात बडीशेप, धनाडाळ, ओवा ठेवता येतो. गोड सुपारी मुलांच्या हाती तर मुळीच नको, ती त्यांना गोळीसारखीच वाटते.

आणि घरात कोणाला अचानक तिखट झोंबू लागले, किंवा उभी तीन बोटे तोंडात जाईनाशी झाली, तर भाजीत मिरची कमी करून थांबू नका. दाताच्या डॉक्टरांना दाखवा. आलेला ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही. सुपारी सोडल्यावर तो वाढायचा थांबू शकतो, पण कॅन्सरचा धोका राहतो, म्हणून तपासणी पुढेही करत राहावी लागते.