शौचपात्राची बसवणी

शौचपात्राची बसवणी म्हणजे घरातील संडासाचे भांडे पाणीपुरवठ्याच्या नळाशी व मैलावाहक नळाशी जोडून वापरायोग्य करण्याचे काम होय. हे काम नळ कारागीर (प्लंबर) करतो. फरशी, विटकाम व जलरोधनासाठी त्याला गवंड्याची जोड लागते. वरवर सोपे वाटणारे हे काम सदोष झाल्यास दुर्गंधी, भिंतींतील ओल, खालच्या मजल्यावरील गळती आणि पिण्याच्या पाण्याचे दूषितीकरण असे परिणाम संभवतात.

कार्यतत्त्व
शौचपात्राच्या खाली किंवा आत वळणदार नळी असते. तिला ट्रॅप म्हणतात. वळणात साचून राहणारे पाणी मैलानळातील वायूंना घरात येण्यापासून अडवते. या पाण्याच्या अडसराला जलबंध म्हणतात. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली इंग्लंडमध्ये अशा वळणाच्या शौचपात्राचे एकस्व मिळवले. शहरी शौचपात्रांत जलबंधाची खोली साधारणतः ५० मि.मी. असते. हाताने पाणी ओतण्याच्या ग्रामीण शौचपात्रांत ती सुमारे २० मि.मी. ठेवतात, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यातही मैला वाहून जातो.

प्रकार
भारतीय बैठकीचे भांडे जमिनीत पुरलेले असते. त्यामुळे ते फरशी करण्यापूर्वी बसवावे लागते आणि पुढे बदलायचे झाल्यास फरशी फोडावी लागते. पाश्चात्य बैठकीचे भांडे (कमोड) तयार फरशीवर स्क्रूने घट्ट करतात. भिंतीवर टांगलेल्या कमोडचा भार भिंतीवर किंवा तिच्यात बसवलेल्या लोखंडी चौकटीवर येतो. म्हणून भिंतीची ताकद आधी तपासावी लागते.
कमोडचे निर्गममुख जमिनीकडे असल्यास ‘एस’ ट्रॅप व मागील भिंतीकडे असल्यास ‘पी’ ट्रॅप म्हणतात. भांडे विकत घेण्यापूर्वी मैलानळाच्या तोंडाचे तयार भिंतीपासूनचे किंवा जमिनीपासूनचे अंतर मोजणे आवश्यक असते. हे माप न जुळल्यास भांडे परत करावे लागते किंवा तोडफोड करावी लागते.

कारागिराची निवड
शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये प्लंबर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. अनेक महानगरपालिका प्लंबरांना परवाना देतात. भारतातील मोठ्या शहरांत काम करणारे अनेक प्लंबर ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यातून आलेले आहेत.
काम ठरवताना मजुरी व साहित्य यांचा स्वतंत्र हिशेब, जुने भांडे काढणे, राडारोडा उचलणे, फरशी पूर्ववत करणे आणि गळती निघाल्यास दुरुस्ती या बाबी लेखी नोंदवणे उपयुक्त ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत अशा बदलांपूर्वी संस्थेला कळवणे इष्ट असते. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार संडासामुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सदस्याला करावा लागतो.

बसवणीची प्रक्रिया
प्रथम पाणी बंद करून जुने भांडे काढतात व मैलानळाचे तोंड तात्पुरते बंद करतात. जलरोधनाचा थर नव्याने केला असल्यास किमान २४ तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का, हे पाहतात. मैलानळ साधारणतः ११० मि.मी. व्यासाचा असून त्याला सुमारे ४० मीटरला १ मीटर असा उतार देतात. उतार कमी पडल्यास मैला नळात साचतो. नळाला हवेची वाट (व्हेंट पाइप) नसल्यास वरच्या मजल्यावरून येणाऱ्या पाण्याच्या ओढीने ट्रॅपमधील पाणी शोषले जाऊन जलबंध तुटू शकतो.
यानंतर भांडे पाणसळीने समपातळीत बसवून निर्गममुखाचा सांधा बंद करतात. मग फ्लश टाकी, अँगल कॉक व जेट स्प्रे जोडतात. दुहेरी फ्लशच्या टाक्यांत सहसा ३ व ६ लिटर पाण्याचे पर्याय असतात. जुन्या टाक्यांना १० लिटर किंवा अधिक पाणी लागे.

तपासणी
काम संपल्यावर अनेकदा फ्लश करून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने तपासतात. कागद ओला झाल्यास गळती असते. भांडे डगमगत असल्यास सांधा पुढे उघडण्याचा धोका असतो. टाकी भरल्यानंतरही भांड्यात पाणी झिरपत राहिल्यास टाकीतील झडप सदोष असते. शेवटचे देयक या तपासणीनंतर देण्याची प्रथा ग्राहकाच्या हिताची असते.

मैल्याची विल्हेवाट
सार्वजनिक मलवाहिनी नसलेल्या ठिकाणी शौचालय सेप्टिक टाकीला किंवा दोन शोषखड्ड्यांना जोडतात. एक खड्डा भरल्यावर मैला दुसऱ्याकडे वळवतात. पहिल्यातील मैल्याचे कालांतराने निरुपद्रवी खत होते. सेप्टिक टाकीत विषारी वायू साचत असल्याने बसवणी करणाऱ्या कारागिराला किंवा अन्य कोणालाही तीत उतरवणे जीवघेणे ठरू शकते. हाताने मैला साफ करण्याच्या कामास प्रतिबंध करणारा २०१३ चा केंद्रीय कायदा सुरक्षा साधनांविना टाकी व मलवाहिनी साफ करवून घेण्यास मनाई करतो.

हेही पहा
सांडपाणी व्यवस्थापन
सेप्टिक टाकी
स्वच्छ भारत अभियान