गंगादीन ते डॉक्टर झोर्बा : सॅम जॅफी यांची वाटचाल

महाविद्यालयात असताना, म्हणजे १९७०च्या दशकाच्या अखेरीस, आम्ही इंदुरात 'बेन-हर' हा चित्रपट पाहिला. चित्रपट १९५९चा, पण तो पुन्हा पुन्हा प्रदर्शित होई आणि रथांच्या शर्यतीसाठी माणसे पुन्हा पुन्हा जात. मित्रमंडळी घरी येईपर्यंत घोडे आणि चाके यांविषयीच बोलत होती. आमच्या डोळ्यांपुढे मात्र एक म्हातारा होता. हूर घराण्याचा तो दिवाणजी, सायमोनिडीस. रोमन तुरुंगात छळ सोसून त्याचे पाय गेलेले, आणि त्याच तुरुंगातून सुटलेला एक धिप्पाड मुका माणूस त्याला मुलासारखा उचलून नेतो. एकाला पाय नाहीत, दुसऱ्याला जीभ नाही. दोघे मिळून एक माणूस होतात. हे तो म्हातारा हसत हसत सांगतो. त्या नटाचे नाव आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते, आणि ते विचारावे असे वाटलेही नाही. चरित्र-अभिनेत्याच्या नशिबी हेच असते. नाना पळशीकर यांचा चेहरा ज्यांच्या मनात घर करून आहे, त्यांतील कितीजणांना त्यांचे नाव चटकन आठवेल?

नाव होते सॅम जॅफी. १० मार्च १८९१ रोजी न्यूयॉर्क शहरात त्यांचा जन्म झाला. कुटुंब रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यूंचे. आई यिद्दिश रंगभूमीवरील नटी होती, त्यामुळे रंगमंच घरातच होता. पण मुलगा शिकला अभियांत्रिकी, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात, आणि पुढे काही काळ गणिताचा शिक्षक झाला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम शेवटी आहे. १९१५च्या सुमारास 'वॉशिंग्टन स्क्वेअर प्लेयर्स' या मंडळीत ते शिरले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे केवळ नाटकांत रमले. १९३० साली ब्रॉडवेवर 'ग्रँड हॉटेल'मधील मरणाच्या दारी उभा असलेला कारकून क्रिंगेलाइन त्यांनी उभा केला व नाव मिळविले. दोन वर्षांनी त्याच नाटकाचा चित्रपट झाला, तेव्हा ती भूमिका लायनेल बॅरिमोर यांच्याकडे गेली. बॅरिमोर मोठे नट होते हे खरे, पण जॅफींना तेव्हा काय वाटले असेल, हे सांगावयास नको.

पडद्यावर ते आले १९३४ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. मार्लिन डीट्रिच यांच्या 'द स्कार्लेट एम्प्रेस'मध्ये रशियाच्या कॅथरीन राणीचा अर्धवट नवरा पीटर त्यांनी केला. विस्फारलेले डोळे आणि अंगावर काटा आणणारे हसू. १९३७ साली फ्रँक काप्रा यांच्या 'लॉस्ट होरायझन'मध्ये शांग्री-लाचे महालामा. वय दोनशेच्या वर! स्वतः जॅफी तेव्हा पंचेचाळिशीत होते.

आता 'गंगादीन'. आपल्या वाचकांना यावर थोडे विस्ताराने सांगितलेच पाहिजे. किपलिंगची त्या नावाची कविता १८९०ची. गोऱ्या सोजिरांना पाणी पाजणाऱ्या भिस्त्यावर लिहिलेली. आरकेओ कंपनीने १९३९ साली तिच्याभोवती एक भलामोठा साहसपट रचला. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स. नायक तीन गोरे सार्जंट. आणि खांद्यावर पखाल घेतलेला गंगादीन म्हणजे सॅम जॅफी. भूमिकेसाठी आधी विचार झाला होता म्हैसूरच्या हत्तीखान्यातून इंग्लंडला गेलेल्या साबूचा. तो मिळाला नाही, म्हणून सत्तेचाळीस वर्षांचे, न्यूयॉर्कचे, गणित शिकविलेले ज्यू गृहस्थ अंगाला काळा रंग फासून भिस्ती झाले. हिंदुस्थानचा वायव्य सरहद्द प्रांत उभा राहिला कॅलिफोर्नियातील लोन पाइन गावाजवळच्या खडकांत. खलनायक कोण, तर ठग!

येथे आम्हांस हसू आवरत नाही. आमच्या नोकरीची काही वर्षे महाकोशलात गेली. कटनीजवळ स्लीमनाबाद नावाचे गाव आहे. ज्या स्लीमनसाहेबाने १८३०च्या दशकात ठगांचा बंदोबस्त केला, त्याचेच ते नाव. जबलपूर, सागर, नरसिंहपूर हा तो मुलूख. त्या ठगांना पन्नास वर्षांनंतर पुन्हा जिवंत करून थेट खैबरच्या वाटेवर नेऊन बसविणे हे चित्रपटवाल्यांनाच जमावे. शेवटी जखमी गंगादीन देवळाच्या घुमटावर चढून बिगूल वाजवितो, पलटणीला सावध करतो आणि मरतो. बक्षीस म्हणून मेल्यावर त्याला कॉर्पोरलचा हुद्दा मिळतो, आणि अखेरच्या दृश्यात त्याचे भूत ब्रिटिश गणवेशात सलाम ठोकते.

आपल्याकडे हे खपले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी 'द ड्रम' या चित्रपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली होती. 'फिल्मइंडिया'चे संपादक बाबूराव पटेल यांनी या साऱ्या साम्राज्यवादी चित्रपटांवर लेखणी परजली आणि १९३९ साली बंगाल व मुंबई प्रांतांत 'गंगादीन'वर बंदी आली. बाबूरावांची भाषा पुष्कळदा सुटत असे. पण या बाबतीत ते बरोबर होते, असे आम्हांस वाटते. आणि तरीही एक गोष्ट कबूल करावी लागते. पाण्याची पखाल बाजूला ठेवून, कुणी पाहत नाही असे समजून गंगादीन एकटाच कवायत करतो, ते दृश्य आम्ही अलीकडे पाहिले. लेखकाने तेथे हास्यास्पद प्राणी लिहिला होता; नटाने मात्र आपणही माणूस आहोत असे मानणारा माणूस दाखविला. भूमिकेतील खोट नटाच्या सच्चेपणाने जात नाही, पण तो सच्चेपणाही खोटा ठरत नाही.

जॅफींच्या साऱ्या कारकिर्दीत आमच्या मते सर्वांत श्रेष्ठ काम १९५०चे. जॉन ह्यूस्टन हे त्यांचे जुने स्नेही. त्यांच्या 'द अस्फाल्ट जंगल'मध्ये डॉक रीडेनश्नायडर नावाचा, नुकताच तुरुंगातून सुटलेला म्हातारा दरोडेखोर त्यांनी केला. हा दरोडेखोर एखाद्या शाळेच्या हेडमास्तरासारखा आहे. नीटनेटका, मृदुभाषी, हिशेबी. जवाहिऱ्याच्या पेढीवरील दरोड्याची सारी आखणी तो भूमितीतील सिद्धान्तासारखी मांडतो. सगळे फसल्यावर तो टॅक्सीने शहराबाहेर निसटतो. वाटेत एका खाणावळीत थांबतो. तेथे एक मुलगी ग्रामोफोनच्या यंत्रावर लागलेल्या गाण्यावर नाचत असते. निघायला हवे हे त्याला कळते. तरी तो खिशातून नाणी काढून देतो, आणखी एक गाणे लागते, आणि तो बसून पाहत राहतो. खिडकीच्या पट्ट्यांतून पोलीस त्याला पाहत असतात. बाहेर आल्यावर बेड्या पडतात. आपण किती वेळ येथे उभे होता, असे तो पोलिसांना शांतपणे विचारतो. दोन-तीन मिनिटे, असे उत्तर येते. म्हणजे एका तबकडीचा वेळ, एवढाच हिशेब तो मनाशी करतो. संताप नाही, रडगाणे नाही. या कामाला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी साहाय्यक अभिनेता म्हणून नामांकनही झाले.

आणि नेमके याच वर्षी दार बंद झाले. १९४७पासून अमेरिकन प्रतिनिधिगृहाची एक समिती चित्रपटसृष्टीत साम्यवादी शोधत होती. उत्तरे देण्यास नकार देणारे दहाजण तुरुंगात गेले. जून १९५०मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची पुस्तिका निघाली. ती सरकारी नव्हती, खासगी होती. तीत नभोवाणी व दूरचित्रवाणीशी संबंधित १५१ जणांची नावे, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या सभेस गेला, कोणत्या पत्रकावर सही केली, याची जंत्री. जॅफींचे नाव तीत होते. १९५१च्या 'द डे द अर्थ स्टुड स्टिल'मध्ये त्यांना घेण्यास कंपनी कचरत होती. निर्माते ज्युलियन ब्लाउस्टीन यांनी कंपनीचे प्रमुख झॅनक यांच्याकडे रदबदली केली, म्हणून ते काम झाले. आइनस्टाइनसारखे केस पिंजारलेला तो शास्त्रज्ञ फळ्यावर अवघड गणित मांडून बसलेला असतो. त्यानंतर हॉलिवूडने त्यांना अनेक वर्षे बोलावले नाही. रंगभूमी तेवढी मोकळी राहिली. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये माँटगोमेरी क्लिफ्ट यांच्यासह चेकॉव्हच्या 'सीगल'मध्ये ते उभे राहिले.

'अस्फाल्ट जंगल'मधील त्यांचे सहनायक स्टर्लिंग हेडन यांनी एप्रिल १९५१मध्ये समितीपुढे जाऊन नावे सांगितली. त्यांना काम मिळत राहिले. पुढे आत्मचरित्रात त्यांनी त्याचा पश्चात्ताप लिहिला.

आम्ही सरकारी सेवेत आयुष्य काढले, म्हणून या काळ्या यादीची एक गोष्ट आम्हांस विशेष जाणवते. तिच्यावर कुणाची सही नव्हती. तिला जावक क्रमांक नव्हता. एखाद्या नटाने विचारले असते, की मला काम का नाही, तर त्याला उत्तर मिळाले असते : भूमिका आपल्याला शोभत नाही. लेखी आदेशाविरुद्ध अपील करता येते. कुजबुजीविरुद्ध कुठे करणार? आमच्या एका सहकाऱ्याची बढती अशीच अडली होती. गोपनीय अहवाल स्वच्छ होता; बैठकीत कुणीतरी एवढेच म्हणाले, की यांचे उठणे-बसणे बरोबर नाही. टिपणी झाली नाही, नाव पुढे गेले नाही. त्या बैठकीत आम्हीही बसलो होतो आणि बोललो नाही. गृहस्थ पुढे त्याच पदावरून निवृत्त झाले. ते भेटले की आमची विचारपूस करीत. त्यांना कळले होते किंवा कसे, हे आम्ही कधी विचारले नाही.

असो. जॅफी परतले ते आधी फ्रान्सच्या वाटेने. १९५७ साली क्लूझो यांच्या 'लेझ एस्पियाँ'मध्ये, मग १९५८ साली पुन्हा ह्यूस्टन यांच्याच चित्रपटात, आणि १९५९ साली विल्यम वायलर यांच्या 'बेन-हर'मध्ये. तो म्हातारा दिवाणजी तुरुंगातले हाल हसत सांगतो, त्या हसण्यामागे काय होते, हे आम्हांस चाळीस वर्षांनी कळले.

सत्तरी गाठल्यावर त्यांना घराघरांत ओळख मिळाली, ती दूरचित्रवाणीमुळे. २ ऑक्टोबर १९६१ रोजी एबीसी वाहिनीवर 'बेन केसी' ही मालिका सुरू झाली. व्हिन्स एडवर्ड्स यांनी केलेला तापट तरुण शल्यविशारद आणि त्याला ताळ्यावर ठेवणारे डॉक्टर झोर्बा म्हणजे जॅफी. १९५६ साली त्यांनी जिच्याशी दुसरा विवाह केला, ती बेट्टी ॲकरमन हीही याच मालिकेत डॉक्टरीण होती. एमीसाठी नामांकन झाले. १९६५ साली त्यांनी मालिका सोडली; १९६६मध्ये ती संपली. पुढे 'बेडनॉब्ज अँड ब्रूमस्टिक्स' (१९७१) आणि ऐंशीच्या सालातील एक अंतराळपट. नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत माणूस कामावर होता. २४ मार्च १९८४ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आमच्या घरी दूरचित्रवाणी संच आला तेव्हा 'बेन केसी' संपून कितीतरी वर्षे लोटली होती. तिचा आरंभ आम्ही परवा नातवाच्या संगणकावर पाहिला. काळा फळा. एक हात खडूने पाच चिन्हे काढतो, आणि झोर्बांचा आवाज एकेकाचा अर्थ सांगत जातो : पुरुष, स्त्री, जन्म, मृत्यू, अनंत. नातू अभियांत्रिकीला आहे. अनंताचे चिन्ह पाहून तो म्हणाला, "आजोबा, हे शेवटचे तर आमच्या गणितातले."

आम्ही त्याला सांगितले, की हा म्हातारा गणितच शिकवीत असे.