वरचं पाणी, खालची माणसं

दोस्तहो, इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया आठवतात. मी मातीच्या एका बांधाचा इतिहास सांगणार आहे.

केनियात नाकुरू परगण्यात सोलाई म्हणून भाग आहे. 9 मे 2018 च्या रात्री तिथलं 'पटेल धरण' फुटलं. 48 माणसं मेली. नाव वाचून दचकलो, नाव आपल्या मुलखातलं. धरण सरकारचं नव्हतं, खासगी मळ्याचं होतं. कॉफीच्या मळ्याला पाणी पाजायला अडवलेलं.

हा सुपीक मुलूख इंग्रजांनी फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवला होता. 1963 ला देश स्वतंत्र झाला. मालकांची कातडी बदलली, पण मोठे मळे मोठेच राहिले. गरीबांची घरं बांधाच्या खाली.

त्या साली पाऊस बेफाम पडला, हे खरं. पण पावसाला आरोपी केलं की माणसं सुटतात. मातीच्या बांधाचा जीव सांडव्यात असतो. सांडवा अपुरा पडला की पाणी माथ्यावरून वाहतं आणि भराव कापत नेतं. दुसरं मरण आतून येतं. झाडांची मुळं, उंदराखेकड्यांची बिळं, यांतून पाणी वाट काढतं. पायथ्याचा पाझर नितळ असेल तर एकवेळ ठीक. गढूळ झाला की समजा, बांध आतून पोखरतोय. हे खाली राहणाऱ्या बाईला पाणी भरताना आधी दिसतं. पण तिला विचारतो कोण?

धरण फुटल्यावर पाणीखातं म्हणालं, याला परवानाच नव्हता. मग इतकी वर्षं ते उभं कसं राहिलं? नऊ जणांवर मनुष्यवधाचा खटला भरला, त्यात सरकारी अधिकारीही होते. 2020 त खालच्या कोर्टानं सगळ्यांना सोडलं, कारण सरकारपक्ष खटला चालवतच नव्हता. वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला.

मी गिरणीत राबतो, म्हणून एक जुना खटला ध्यानात राहिला. 1860 त लँकेशायरमधल्या एका गिरणीमालकाच्या तलावाचं पाणी शेजारच्या कोळसाखाणीत शिरलं. 1868 ला हाउस ऑफ लॉर्ड्सनं ठरवलं : धोक्याची वस्तू आपल्या जमिनीवर साठवाल, तर ती सुटून झालेलं नुकसान तुम्हीच भरायचं, मग तुमची चूक असो नसो. तिथं नुकसान खाणवाल्याचं होतं. सोलाईत माणसं मेली, तर खटला उभा राहता राहत नाही.

आपल्याकडं 2021 चा धरण सुरक्षा कायदा आहे. तो 15 मीटरवरच्या धरणांना लागू. 10 ते 15 मीटरमधल्या काहींनाच. त्याखालचे बंधारे, पाझर तलाव त्याच्या बाहेर. पण पाणी उंची मोजून माणसं मारत नाही.

1927 ला महाडला आपण पाणी पिण्याचा हक्क मागितला. त्याच पाण्याखाली न मरण्याचा हक्कही आपलाच आहे.

गावी जाल तेव्हा बांधावर चढा. सांडवा मोकळा आहे का? पाझर गढूळ आहे का? खाली वस्ती कुणाची आहे? तारखेसकट वहीत लिहा. अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

जय भीम.